हुंकारा

१

चिंतामण मास्तरांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड होतं, आणि ते वेड एकट्याने निभावण्यातलं नव्हतं. नवी कादंबरी निघाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली की ते ती पुण्याहून टपालाने मागवत. पुडकं आलं की दुपारची जेवणं आटोपून मोठ्याने वाचायला बसत, आणि ऐकायला कोणीतरी लागे. लग्न झाल्यापासून ते कोणीतरी म्हणजे त्यांची बायको प्रेमला. यादवांचे घोडे असोत, बहामनींचे असोत की पेशव्यांचे, सगळे तिच्या दुपारच्या झोपेवरून दौडत जात.

मास्तर नुसते वाचत नसत, लिहीतही असत. त्यांच्या दोन कादंबऱ्या छापून आल्या होत्या, एक देवगिरीच्या पाडावाची आणि एक नागपूरकर भोसल्यांच्या शेवटच्या दिवसांची. सकाळी लिहिलेलं दुपारी वाचून दाखवायचं आणि सूर लागला तरच पुढचं लिहायचं, अशी त्यांची रीत. त्यात एक अट होती. ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा, गोष्ट ऐकताना लहान मुलं दर वाक्याला ‘हं’ म्हणतात तसा. लहानपणी त्यांची आत्या हुंकारा थांबला की गोष्ट अर्ध्यावर टाकून उठून जाई, आणि ती धास्ती त्यांच्या हाडात मुरली होती. हुंकारा आला नाही की त्यांची जीभ अडखळे, आणि लेखणी तर साफ बसे. मलकापूरला असताना प्रेमला बहिणीच्या बाळंतपणासाठी खामगावला माहेरी गेली, तेव्हा तिच्या माघारी त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पुस्तकावर नाव तुमचं आणि मेहनत माझ्या घशाची, असं ती परत आल्यावर म्हणाली होती. मास्तर मोकळेपणी हसले होते.

तिला त्या कादंबऱ्या मुळीच आवडत नसत. हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. वाचताना हा माणूस इतका सुखी दिसे की तिला ते सांगवत नसे.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याने त्यांची बदली मेहकर तालुक्यात साखरखेर्ड्याला केली, तेव्हा बरोबरीच्या मास्तरांनी हळहळ केली. चिंतामण मास्तर मात्र हरखून गेले. दोनशे वर्षांपूर्वी याच शिवारात निजामाची मोठी लढाई झाली होती. तिसरी कादंबरी त्यांना पायाखालीच सापडली होती.

२

गावचे मोठे शेतकरी उकंडराव यांनी आपलं दुसरं घर त्यांना राहायला दिलं. घर धाब्याचं, भिंती जाडजूड पांढऱ्या मातीच्या. सगळ्यात गार होती ती मधली खोली. तिला खिडकी नव्हती, उंचावर एक झरोका तेवढा होता. जमीन सारवलेली, आणि एका कोपऱ्यात जमिनीत बसवलेला वाटोळा, सपाट दगड. प्रेमलाने त्यावर पाण्याचा माठ ठेवला. माठाला जागा बरी मिळाली म्हणून तिला आनंदही झाला.

चैत्रात शाळा सकाळची झाली आणि दुपारी वाचन सुरू झालं. पानावर उजेड पडावा म्हणून मास्तर झरोक्याखाली बसत, तिच्याकडे पाठ करून. ती मागे माठाशेजारी चटईवर.

त्या दिवशी तिने पहाटे उठून कुरडयांचा चीक शिजवला होता. हात भरून आले होते, डोळे मिटत होते. मास्तर नव्या कादंबरीचं दुसरं प्रकरण वाचत होते, फौज पैनगंगा उतरत होती. दोन-चार हुंकारे तिने दिले आणि मग तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा फौज नदी उतरून डोंगराला लागली होती. आपण झोपलो या विचाराने ती ओशाळली. मास्तरांचं वाक्य संपत आलं, तशी ती घाईघाईने हुंकारा द्यायला तयार झाली. तिने तोंड उघडायच्या आत तो दिला गेला.

“हं.”

माठाकडून आला होता. मास्तरांनी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले.

आपण अजून झोपेतच आहोत, असं तिला वाटलं. तिची आई झोपेत प्रश्नांना उत्तरं देत असे, तसाच हा प्रकार, हुंकारा आपलाच. वाचन संपल्यावर मास्तर वळले ते तोंडभर हसू घेऊन.

“आज तू फार मन लावून ऐकलंस,” ते म्हणाले. “एक जागा चुकली नाही तुझी.”

तिच्या गालावर चटईचे वळ उठले होते. तरी ती म्हणाली, “आज रंगलंच होतं तसं.” कुठल्याही घरात दिवसाकाठी बोललं जातं तेवढंच हे खोटं होतं.

३

दुसऱ्या दिवशी ती जागी राहिली आणि मुद्दाम गप्प बसली. वाक्य संपलं. “हं.” पुढचं वाक्य. “हं.” तिने आपल्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं, ओठ हलत नव्हते. आवाज बाईचा नव्हता आणि पुरुषाचाही म्हणवत नव्हता. जवळच कोणीतरी बसून ऐकावं तसा होता, इतकंच.

मग ती उठली. मास्तरांची पाठ होती. पावलं न वाजवता ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराशी उभी राहिली. मधल्या खोलीत मास्तर एकटे होते, वाचत होते, आणि त्यांना हुंकारा मिळत होता.

 चुलीपाशी बसून तिने स्वतःला नाना परींनी समजावलं. जाड भिंतींत आवाज घुमतो. माठ पाझरतो, मातीत बुडबुडे येतात. मास्तर स्वतःच हुंकारा देत असतील, त्यांना कळतही नसेल. हे शेवटचं तिला पटण्यासारखं वाटलं आणि तिने ते पटवून घेतलं. मग समोर कुरडयांचा घाणा पडला होता, तो तिने आवरायला घेतला.

हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं ते असं की त्या दुपारी तिची बरीच कामं उरकली. पुढच्या दुपारीही उरकली. मास्तर वाचायला बसले की ती थोडा वेळ चटईवर टेकायची, पहिला हुंकारा स्वतः द्यायची, मग दुसरा खालून आला की उठून निघून जायची. वाचन आटोपत आलं की परत येऊन बसायची. भीती गेली नव्हती, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दुपारची वेळ तिची स्वतःची झाली होती.

खालून, हा शब्द तिने मनाशी केव्हा वापरायला सुरुवात केली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

४

तिसरी कादंबरी झपाट्याने निघाली. मास्तर सकाळच्या शाळेतून आल्याआल्या लिहायला बसत, ताट निवून जाई. त्यांना जेवायला बोलवायला गेलं की हात वर करून थांब म्हणत. पुण्याच्या प्रकाशकाला ती दिवाळीला हवी होती, पण ही घाई प्रकाशकाची नव्हती.

स्वयंपाकघरातून प्रेमलाच्या कानावर सगळं पडे. न आवडणारी गोष्टही रोज कानी पडली की समजायला लागते. कादंबरीत निजाम होता, त्याचे सरदार होते, हत्ती होते, दरबार होता. दरबारात हुंकारा येत नसे. मास्तर अडखळत, खाकरत, दोन ओळी गाळून पुढे जात. सरदार एकमेकांशी मोठमोठं बोलत, तिथेही हुंकारा नाही. वाटेवरच्या गावातली माणसं घरं सोडून पळायला लागली की मात्र तो लगेच येई.

दुसऱ्या दिवशीच्या पानांत दरबार नसे. हळूहळू निजामही कादंबरीतून निघून गेला. हत्ती गेले. उरलं एक घर, घरातला एक आजारी माणूस आणि त्याची बायको. आपण हे का लिहितो आहोत हे मास्तरांनाही सांगता येत नव्हतं. जेवताना ते म्हणाले, की लढाईची कादंबरी लिहायला बसलो आणि लढाई कुठे गेली कळत नाही, पण असं लिखाण आजवर माझ्या हातून झालं नव्हतं. त्यांचे डोळे आत गेले होते. तरी ते आनंदात होते.

“हे तुझ्यामुळे,” ते म्हणाले. “तुझा हुंकारा कुठे येतो आणि कुठे येत नाही, त्यावरून मला वाट दिसते.”

प्रेमलाने त्यांच्या ताटात भात वाढला. 

५

उकंडरावांच्या घरच्या मनकर्णाबाई एकदा कैऱ्या घेऊन आल्या. घरात फिरताना मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या, आत आल्या नाहीत.

“मास्तरीणबाई, त्या झाकनावर माठ काऊन ठेवला तुमी?”

कसलं झाकण, म्हणून प्रेमलाने विचारलं. तेव्हा तिला कळलं की तो दगड म्हणजे पेवाचं तोंड. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट मोठं. साखरखेर्ड्यात जुन्या घरांतून अशी पेवं होती. मनकर्णाबाई उंबऱ्यात बसल्या आणि पेवात उतरायची रीत सांगू लागल्या, कारण गावातल्या बाईने शहरातल्या बाईला सांगावं असं ते होतं. आत हवा कोंडलेली असते. म्हणून आधी तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडायचा, मग माणूस.

“अन् मानूस उतरला का वरच्यानं गोष्ट सांगा लागते,” त्या म्हणाल्या. “खालच्यानं हुंकारा द्या लागते. जवारी भरता भरता देत राह्यते तो. हुंकारा थांबला का दोर ओढाचा. अंधारात मानूस दिसत नाई ना, बाई. हुंकारा येऊन राह्यला म्हंजे जिता हाय.”

प्रेमलाने माठाखालच्या दगडाकडे पाहिलं. या पेवात ज्वारी आहे का, असं तिने विचारलं. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला.

“हे आमी वापरत नाई.”

का, या प्रश्नाला त्यांनी वापरत नाई, एवढंच पुन्हा सांगितलं, आणि कैऱ्या कशा चिराव्यात ते सांगू लागल्या. जाताना मात्र अंगणातून मागे वळल्या. दुपारी मास्तरांचं वाचन रस्त्यापर्यंत ऐकू येतं, असं म्हणाल्या. हुंकारा कोण देतं, हे त्यांनी विचारलं नाही.

६

आता सांगायलाच हवं, असं प्रेमलाने ठरवलं. इतके दिवस तुमच्या मागे मी बसलेलीच नव्हते, हे एक वाक्य. ते बोललं की वाचन बंद होईल, खोली बंद होईल, आणि कादंबरीही बंद होईल. मास्तर तिच्याकडे कसे पाहतील, याची तिला खालच्या आवाजापेक्षाही जास्त भीती वाटत होती. खोटं लहान होतं तेव्हाच तिने कबूल केलं नव्हतं.

त्या दुपारी ती जागेवर बसून राहिली. मास्तर नवं प्रकरण वाचत होते. दोन्हीकडच्या फौजांची धूळ दिसायला लागली आहे, गाव रिकामं होत आहे. आजारी माणसाला पळवत नाही. बायको त्याला भाकरी आणि पाणी देऊन पेवात उतरवते आणि वर दगड सारते. त्याला अंधाराचं भय वाटू नये म्हणून ती दगडावर बसून त्याला गोष्ट सांगते आणि तो खालून हुंकारा देतो. सांगता सांगता तिला वेशीपाशी घोडे दिसतात.

पेवाच्या रिती मास्तरांना कोणी सांगितल्या नव्हत्या. मनकर्णाबाई आल्या तेव्हा ते शाळेत होते.

खालचा हुंकारा आज वाक्य संपायची वाट पाहत नव्हता. वाक्याच्या मध्येच येत होता, एकावर एक. प्रेमलाने माठावर हात ठेवला. माठातलं पाणी थरथरत होतं.

मास्तर एकदम थांबले. “इथे मी अडलोय,” ते वळून म्हणाले. “ती गोष्ट अर्ध्यावर टाकून पळाली. त्या आतल्या माणसाला काय वाटलं असेल? मला दिसतच नाही ते.”

“अहो, मला एक सांगायचंय.”

“आधी हे ऐक.” त्यांनी पानांच्या तळातून एक कागद काढला. कादंबरीची अर्पणपत्रिका होती. ‘जिच्या हुंकाऱ्यावर ही कथा उभी राहिली, त्या प्रेमलेस.’  पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी मला सुचलं नाही, माझं चुकलंच, असं ते म्हणाले.

तिला रडू आलं. मास्तरांना ते आनंदाचं वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि कोणी न सांगताच माहीत असल्यासारखं माठाखालच्या दगडाकडे बोट दाखवून, उकंडरावांना विचारून आपण हे पेव उघडणार आहोत, एकदा आत उतरून पाहिलं की प्रकरण पुरं होईल, असं सांगून टाकलं. तिला काय सांगायचं होतं ते विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. तिनेही मग सांगितलं नाही.

७

उकंडराव नको म्हणाले, पण मास्तरांनी भरीला घातलं. पुस्तकात आपल्या घराचं नाव येणार, याची भुरळ त्यांनाही पडली होती. त्यांचा सालदार गडी पुंजाजी याने पहारीने दगड हलवला. एक दिवस तोंड उघडं ठेवलं. त्या रात्री प्रेमला अंगणात निजली आणि मास्तरांनाही तिथेच निजवलं. खालून काही आलं नाही. कोणी काही वाचत नव्हतं, म्हणून नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा सुटल्यावर सगळे जमले. पुंजाजीने कंदील सोडला. तो तळापर्यंत नीट जळत गेला आणि नीट जळत वर आला. हवा साफ हाय, असं तो म्हणाला. प्रेमला आयत्या वेळी मास्तरांच्या हाताला धरून, जाऊ नका, एवढंच म्हणू शकली.

“तू वर आहेस ना,” मास्तर म्हणाले. “मग मला कसली भीती? तू वाच, मी हुंकारा देतो. बघू तरी तुझं काम किती अवघड असतं.”

त्यांनी दोर कमरेला बांधला. अंधार कसा असतो ते पाहायचं म्हणून कंदील नको म्हणाले. खांदे तिरपे करून ते तोंडातून उतरले. पुंजाजी आणि उकंडराव दोर सोडत गेले आणि मग दोर सैल पडला.

“गार आहे गं,” खालून आवाज आला. तो त्यांचाच होता. “वाच.”

तिने ते अर्धं राहिलेलं प्रकरण हातात घेतलं. पहिलं वाक्य वाचलं.

“हं.”

दुसरं वाचलं. “हं.” पुंजाजीने मान डोलावली. मनकर्णाबाई उंबऱ्यात होत्या. प्रेमला वाचत राहिली. नवऱ्याचा हुंकारा कसा असतो हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने कधी दिलाच नव्हता, सगळे तिनेच दिले होते. त्यामुळे ती कानात प्राण आणून ऐकत होती आणि तिला काही ठरवता येत नव्हतं. बायको दगडावर बसली, तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली, इथपर्यंत ती आली. हुंकारा वाक्याच्या मध्येच आला. पुढचाही मध्येच आला.

तिने वाचणं थांबवलं.

“थांबू नका, बाई,” पुंजाजी म्हणाला.

ती थांबलीच.  थोड्या वेळाने पेवाच्या तोंडातून तो पुन्हा आला, पुढे काय झालं असं विचारल्यासारखा.

“हं?”

“ओढा,” प्रेमला म्हणाली. “दोर ओढा.”

उकंडराव गोंधळले. “मास्तर बोलून राह्यले ना. काऊन ओढा?”

तिने पानं फेकली आणि दोराला हात घातला. तेव्हा त्या दोघांनीही ओढायला सुरुवात केली. दोर जड होता. मास्तर वर आले ते मान खाली घालून, हात लोंबते सोडून. पुंजाजीने त्यांना सारवलेल्या जमिनीवर निजवलं. मनकर्णाबाई पुढे झाल्या, त्यांनी मास्तरांच्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

“हे आत्ताचं नाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हे उतरल्याबरोबर गेले. मघाच गार झाले.”

प्रेमला मास्तरांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. पेवाचं तोंड उघडं होतं आणि झरोक्यातलं ऊन सरकत त्याच्या कडेपर्यंत आलं होतं. तिने आत पाहिलं. खाली, तिथे उजेड पोचत नव्हता तरीही, कोणीतरी मांडी घालून बसलेलं होतं, आणि त्याचा चेहरा वर होता.

“हं,” ते म्हणालं.

चौघांनीही ऐकलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. उकंडरावांनी एकट्याने तो दगड लोटत तोंडावर आणला. एरवी पहारीशिवाय त्याला दोन माणसं लागली असती.

८

मेहकरच्या डॉक्टरांनी कोंदट हवेने मृत्यू, असं लिहून दिलं. कंदिलाबद्दल पुंजाजी बोलला नाही. प्रेमलाचा भाऊ लक्ष्मीकांत खामगावहून तिला न्यायला आला, दिवसकार्य त्यानेच पार पाडलं. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढलं होतं. इतक्यात टपालवाला पुडकं देऊन गेला. मास्तरांनी मागवलेली नवी कादंबरी होती, विजयनगरच्या काळातली. चटई तेवढी मधल्या खोलीत राहिली होती. ती आणायला प्रेमला पुडकं घेऊनच आत गेली.

तिने पुडकं फोडलं आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. का वाचलं ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित निरोप घ्यायचा म्हणून असेल.

“हं,” खालून आलं.

आणि त्याच्यामागून, जरा उशिरा, घसा खाकरून, नव्यानेच शिकणाऱ्याने द्यावा तसा दुसरा हुंकारा आला. मास्तरांची जीभ वाचताना अडली की ते तसेच खाकरत.

बाहेर लक्ष्मीकांत हाका मारत होता. ती चटईवर बसली आणि दुसरं वाक्य वाचलं. मग तिने त्याला आतूनच सांगितलं की तू जा. तो रागावला, विनवत राहिला, शेवटी सामान उतरवून गेला.

प्रेमला त्या घरात राहिली. उकंडरावांनी तिला कधी निघायला सांगितलं नाही, त्यांच्या घरचं कोणी आतही आलं नाही. मनकर्णाबाई ओसरीवर भाकरी ठेवून जात. गावाला वाटे की मास्तरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. पुण्याहून ती कादंबऱ्या मागवत राहिली, कधी सातवाहनांच्या, कधी सत्तावनच्या, जो काळ छापून येईल तो. ती सगळ्या वाचे. तिला अजूनही एकही आवडत नसे. मास्तरांची अर्धी कादंबरीही ती वाचून दाखवे आणि बायको वेशीकडे पाहते त्या जागेशी आली की पानं मिटून ठेवी, कारण पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. त्या जागी खाली दोघंही फार वेळ गप्प राहत.

आपण जाऊ शकत नाही, हे तिला कळलं होतं. एक बाई गोष्ट अर्ध्यावर टाकून उठली होती, एवढं पुरे होतं.

मग एका वैशाखातली दुपार आली. रात्री तिला ताप होता. वाचता वाचता अक्षरं पुसट झाली, पुस्तक मांडीवर आलं आणि तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा वाचन चालू होतं.

आवाज मास्तरांचा होता, दगडाच्या खालून येणारा, नीट, न अडखळता. ते अर्धं प्रकरण वाचत होते. बायकोने वेशीपाशी घोडे पाहिले, ती उठली, तिने दगडावर हात ठेवला. त्याच्यापुढे जे त्यांनी कधी लिहिलं नव्हतं ते ते आता वाचत होते. वाक्य संपलं आणि ते थांबले.

खालून हुंकारा आला नाही. तिने पदर तोंडात कोंबला आणि वाट पाहिली. दुसरं जे कोणी होतं तेही गप्प होतं. ती जागा तिच्यासाठी सोडलेली होती.

मास्तर खाकरले. वाक्याचा शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला, आवाज जरा कापला. कोणी हुंकारा दिला नाही की या माणसाला पुढे जाता येत नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

तिने तोंडातला पदर काढला.

“हं,” प्रेमला म्हणाली, आणि मास्तर पुढे वाचायला लागले.